सगळ्यात जाड माणूस

प्रिय तायडे,

आधी खाली बस. उभ्याने वाचू नकोस आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय फोनला हात लावू नकोस. मी तुला ओळखतो, तू तिसऱ्याच ओळीला मला शिव्या घालायला फोन करशील, आणि फोन असतो दुकानात बाबांच्या टेबलावर, मग सगळाच बोऱ्या वाजेल. तर ऐक. तो तुझा पूलवाला इंजिनियर आहे ना, ज्याचं पत्र तू वहीच्या कव्हरात जपून ठेवलंयस, जो अकरा वर्षं झाली तरी शिक्षणाचं कर्ज फेडतोय, तो नाहीये. म्हणजे मेला नाही. कधी जन्मलाच नाही. ते पत्र मी लिहिलंय. डाव्या हाताने, मागच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या शिड्यांच्या मागे बसून. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटून नुकताच मोकळा झालो होतो. हे मी कधीच सांगणार नव्हतो. पण सोमवारी तू त्या कंपनीला हो म्हणणार आहेस आणि इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष सोडणार आहेस, आणि ते त्या माणसाचा आकडा धरून. म्हणून आता सांगावं लागतंय.

विश्वास बसत नसेल तर पत्र काढ. 'हप्ता' लिहिलंय तिथे तपकिरी डाग आहे बघ. तू म्हणायचीस, बिचारा चहा पिता पिता लिहीत असणार. चहा नाही तो. शिडीचं पॉलिश आहे. नखाने खरवडून वास घे. त्या वासात तू अठरा वर्षं वाढलीस, ओळखशील.

आता कसं झालं ते. तुझ्या बाजूने तुला आठवतंय, पण माझ्या बाजूने वेगळंच घडत होतं. सरकारी युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला तुझा नंबर लागला त्या दिवशी बाबांनी शेजारच्या बेकरीतून अख्खा केक आणला, आणि संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांची तोंडं उतरली, कारण फी कमी असली तरी हॉस्टेल, खाणं, पुस्तकं, नकाशे काढायचं सामान, सगळं मिळून बँकेचं कर्ज काढल्याशिवाय जमत नव्हतं. दुसरी कुणी असती तर रडली असती नाहीतर हट्टाला पेटली असती. तू चौकटीची वही काढलीस. डाव्या पानावर कर्ज, उजव्या पानावर कमाई. डावं पान एका दुपारीत भरलं. उजवं कोरंच. आपल्या ओळखीत इंजिनियर होता कोण? एक तो लिफ्ट दुरुस्तीवाला, आणि त्याला पण इंजिनियर फक्त तोच म्हणायचा. मग तू कॉलेजकडून जुन्या विद्यार्थ्यांची यादी मिळवलीस आणि वीस जणांना पत्रं घातलीस. प्रत्येकात एक परतीचं पाकीट, वर आपला पत्ता, तिकीट लावून. नाव लिहू नका, फक्त खरं लिहा. पहिला पगार किती होता, आता किती आहे, कर्ज किती काढलं, पगारातल्या दर दहातले किती हप्त्यात जातात, किती वर्षं लागली. आणि सगळ्यात खाली, परत संधी मिळाली तर हेच कराल का? पाकिटं चिकटवायला मी होतो. माझ्या जिभेला दोन दिवस डिंकाची चव होती.

चार उत्तरं आली. चौघंही मजेत. कर्ज पाच-सहा वर्षांत संपलं, दहातले दोन-तीन जायचे, काही वाटलं नाही. तू ती वाचून आईभोवती गिरक्या घेतल्यास आणि आईच्या हातातली बरणी फुटली. आणि दोन पाकिटं तशीच परत आली, पत्ता सापडला नाही म्हणून. ती टपालवाल्याने माझ्या हातात दिली. एक मी तुला दिलं. दुसरं शर्टाच्या आत गेलं. त्याच्यात तुझे सगळे प्रश्न होते आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट होतं. म्हटलं, गंमत करू.

गंमत नव्हती ती. तू जाणार हे मला पहिल्यांदा त्या गिरक्यांमध्ये कळलं. तोवर मला वाटत होतं तू नुसती वही भरतेयस, तुला हिशेबाचं वेडच आहे. तू गेल्यावर दुकानाच्या पायरीवर सरसाने चिकटवलेल्या नाण्याचं काय, पडद्यामागे उभं राहून कोण किती वेळा वाकतं ते मोजायचं कुणी? मी हसून हसून खाली बसायचो आणि तू तोंडावर हात दाबून वहीत रेघा मारायचीस. सत्तेचाळीस माणसं वाकली होती तोपर्यंत. कर्जाची चौकशी करायला आलेला बँकेचा साहेब दोनदा वाकला, येताना एकदा आणि जाताना एकदा, आणि आई त्याला चहा देताना हसू दाबून दाबून खोकायला लागली. असल्या घरातून कुणी उठून जातं का? मला तर कळतच नव्हतं.

म्हणून मी पूलवाला बनवला. त्याला इतके वाईट दिवस दाखवले की तू घाबरून घरी बसशील. अकरा वर्षं फेडतोय, अजून संपलं नाही. दहातले सहा हप्त्यात जातात. एका खोलीत राहतो, बुटाला भोक आहे, लग्नाचं नाव काढलं की मुलीकडचे हप्ता विचारतात. पगार काय लिहायचा ते कळेना. इंजिनियरला किती मिळतं हे मला काय ठाऊक? मग मी आपल्या पॉलिशवाल्याला महिन्याला मिळायचं ते घेतलं आणि वर त्याच्या अर्धं टाकलं. झाला इंजिनियरचा पगार! तायडे, तू तीन वर्षं ज्या आकड्यावर जगतेयस तो आपल्या पॉलिशवाल्याचा दीडपट आहे. तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे शिडी पोचवायला गेलो तेव्हा तिकडच्याच टपालपेटीत टाकून आलो, शिक्का लांबचा पडावा म्हणून. एवढी अक्कल परीक्षेत वापरली असती तर मी आज कुठच्या कुठे असतो.

आणि इथेच मी माती खाल्ली. आपण कुणाची पोरं आहोत तेच विसरलो. बाबांची शिडी बांधायची रीत तुला सांगायला नको. गिऱ्हाईक बघायचं नाही, गिऱ्हाइकाच्या गल्लीतला सगळ्यात जाड माणूस बघायचा, कधीतरी तो चढणारच. म्हणून तर प्रत्येक शिडी झाली की बेकरीवाल्या काकांना हाक जायची, आणि ते पिठाचे हात झटकत यायचे, वरपर्यंत चढायचे, वर उभं राहून दोनदा उडी मारायचे, आणि खाली उतरून म्हणायचे, माझ्यासारखा दुसरा मिळाला तर मला दाखवा. तू सात-आठ वर्षांची असताना शिडीच्या खाली जाऊन बसायचीस आणि वर बघत राहायचीस. आई ओरडायची, अगं बाजूला हो, तो हत्ती पडेल अंगावर. तू हलायची नाहीस. पायरी वाकते पण मोडत नाही ते तुला बघायचं असायचं.

तर माझं पत्र आलं. आम्ही सगळे टेबलाभोवती. तू वाचलंस आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली, कारण तुझा चेहरा पांढरा पडला होता. मग तू पेन्सिल घेतलीस आणि ते चारी छान छान आकडे खोडलेस. एका रेघेत चौघंही आडवे! बाबांनी विचारलं, हे काय करतेस? तू म्हणालीस, बाबा, हे चौघं बारीक आहेत. हा पूलवाला आपला जाड माणूस. ह्याला धरून मोजते. ह्याला शिडी पेलली तर मी चढते. आणि बाबांची मान अशी ताठ झाली, तायडे, तुझ्या निकालाला पण झाली नव्हती. दोन दिवस तू मोजलंस. पॉलिशवाल्याच्या दीडपट पगारात, दहातले सहा देऊन, बुटाला भोक ठेवून, अकरा नाही तर बारा वर्षांत फिटतं. कसंबसं. पण फिटतं. आणि तू निघालीस.

तू कशामुळे निघालीस ते मात्र वहीत नव्हतं. माझ्यामुळेच होतं, तेही सांगतो. शेवटच्या प्रश्नाला मी लिहिणार होतो, नाही, परत कधीच नाही, तू पण करू नकोस. पण लिहिता लिहिता तो माणूस डोळ्यासमोर आणायला लागतो ना, आणि मला इंजिनियर म्हटलं की तूच दिसायचीस, शिडीखाली मान वर करून बसलेली. म्हणून हाताने भलतंच लिहिलं. की पुलावरून पहिल्यांदा शाळेची पोरं धावत गेली तेव्हा मी खाली उभा होतो, वर बघत, आणि पूल जरासा हलला आणि थांबला. बाकी सगळं वाईट आहे पण ते मी बघितलंय. ती ओळ तू आईला वाचून दाखवलीस, मग बाबांना, मग परत आईला. रडलीस पण. म्हणालीस, एवढं भोगून सुद्धा ह्या माणसाने 'नाही' असं लिहिलं नाही. मी तिथेच बसलो होतो, पॉलिशने बरबटलेली बोटं मांडीखाली दाबून. अडवायला लिहिलेल्या पत्राने तुला ढकलून दिलं. असला मूर्खपणा करायला पण डोकं लागतं.

तू गेल्यावर तुला वाटलं असेल तो माणूस तुझ्याबरोबर गेला. नाही, तो आमच्याकडेच राहिला. बाबांनी पत्राची झेरॉक्स काढून दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, हिशेबाच्या कागदांच्या शेजारी. कुणी गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की बाबा काचेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, हा माणूस बघा, अकरा वर्षं, एक हप्ता चुकवला नाही. मी असं काही लिहिलेलंच नाही! ते बाबांनी स्वतःच्या मनाने घातलं. आणि आई. आईला त्याची काळजी लागून राहिली आहे. भांडी घासता घासता मध्येच विचारते, काय रे, त्या पूलवाल्याचा हप्ता फिटला असेल का आता? मी म्हणतो, मला काय माहीत? ती म्हणते, बूट तरी घेतले असतील का त्याने? तीन वर्षांत मी स्वतःला तीन जोड घेतले आणि एकदाही मला चैन पडलं नाही.

बेकरीवाल्या काकांची बातमी तुला फोनवर कुणी सांगितली नसेल. डॉक्टरने त्यांना वजन उतरवायला लावलंय. निम्मे राहिलेत. गाल आत, पॅन्ट दोरीने बांधलेली. बाबा इतके वैतागलेत की विचारू नकोस. त्यांना म्हणाले, अहो, तुम्ही तब्येत सुधारून माझा धंदा बुडवताय. आता काका खांद्यावर पिठाचं पोतं घेऊन चढतात. वर गेले की उडी मारायला दम उरत नाही, मग नुसतेच उभ्याउभ्या हलतात आणि खाली विचारतात, आली का उडी? बाबा म्हणतात, चालेल, चालेल. नाणं अजून पायरीवर आहे. झिजून गुळगुळीत झालंय. परवा एक म्हातारा त्याच्यासाठी काठी बाजूला ठेवून वाकला, तू असतीस तर हसून मेली असतीस. मी पडद्यामागेच होतो. पण मोजणारं कुणी शेजारी नसलं की हसू अर्ध्यातच राहतं. मग मी बाहेर जाऊन त्यांची काठी उचलून दिली.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण ह्या खोट्याची किंमत तू भरलीस, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पहिल्या वर्षानंतर तू घरी आली नाहीस. गाडीभाडं जास्त आहे, सुट्टीत दुसऱ्यांचे नकाशे काढून चार पैसे मिळतात, पूलवाल्याचा आकडा धरला की घरी येणं बसत नाही, असं तू आईला म्हणालीस. आई मान हलवत राहिली, फोनमध्ये दिसत नाही तरी. मग तू संध्याकाळचं जेवण बंद केलंस. ते तू सांगितलं नाहीस. गेल्या हिवाळ्यात तू फोनवर चेहरा दाखवलास, केस मागे घ्यायला हात वर केलास आणि तुझं घड्याळ सरकत कोपरापर्यंत गेलं. आईने फोन ठेवला आणि सरळ उठून स्वतःचं ताट मांडलं, आणि मग ते तसंच झाकून ठेवलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाबा शेजारी होते आणि काचेखाली ते पत्र होतं, आणि मी चहा आणायला बाहेर पळालो. मला गल्लीतली पोरं खोडकर म्हणतात, धीट म्हणतात. त्यांना काय माहीत?

गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी तिथेच होतो, एका शिडीला काचकागद मारत. फोन मोठ्या आवाजावर होता, बाबांना कमी ऐकू येतं म्हणून. तू सगळं वाचून दाखवलंस. हॉस्टेल वाढलं, खाणं वाढलं, शेवटच्या वर्षाचं कर्ज आधीच्या तिन्हींपेक्षा मोठं. आणि ही कंपनी आत्ताच नकाशे काढायला घ्यायला तयार आहे, पदवी नसली तरी. पगार जवळजवळ तेवढाच जेवढा पूलवाल्याला पदवी घेऊन मिळाला. मग वर्षभराचं कर्ज आणखी डोक्यावर कशाला घ्यायचं, बाबा? किती शहाण्यासारखं बोललीस! एक आकडा चुकला नाही. बाबांनी काचेवर बोट ठेवलं. मग त्यांनी एकच विचारलं, नीट मोजलंस ना? जाड माणूस धरलास ना? तू म्हणालीस, हो बाबा, तोच धरलाय. माझ्या हातातला काचकागद लाकडावरून घसरला आणि बोट सोललं. बाबा फोन ठेवून म्हणाले, पोरगी समजूतदार आहे. आणि काचेवरून उगाचच फडका फिरवला.

त्या फोनच्या दुसऱ्याच दिवसापासून मी टेम्पो घेऊन फिरतोय. मला सांग, इंजिनियर कुठे सापडतात? जिथे शिड्या लागतात तिथे. मी एक फॉर्म छापून घेतला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. वर मोठ्या अक्षरात 'शिडी घेणाऱ्याची माहिती'. नाव, वजन, उंची. मग खाली हळूच, शिक्षण, कुठलं कॉलेज, कर्ज किती, हप्ता किती, पगार किती. तायडे, शिकलेली माणसं फॉर्म वाचत नाहीत, नुसता भरतात! पेन द्यायचा अवकाश. पाणीखात्यातल्या एका साहेबानेच तेवढं विचारलं, काय रे, शिडीला माझा पगार कशाला लागतो? मी म्हटलं, साहेब, पडलात तर भरपाई कशी मोजायची? त्याला पटलं आणि तो लिहायला लागला. नंतर माझीच मला लाज वाटली आणि मी त्याला खरं सांगितलं, बहिणीसाठी आहे म्हणून. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या, त्याही इंजिनियर निघाल्या, त्यांनी पण फॉर्म भरला. पुढे मी सगळ्यांना खरंच सांगत गेलो. खरं सांगितलं की माणसं जास्त वेळ देतात. मला माहीत नव्हतं.

नऊ जण झाले, सगळे सरकारी कॉलेजातून कर्ज काढून शिकलेले. फॉर्म ह्याच पाकिटात घातलेत, त्यांच्याच अक्षरात, तू तपासशीलच. आठ जणांनी पदवी घेतली. त्यातल्या सहा जणांचं चार ते सहा वर्षांत फिटलं, तुझ्या पहिल्या चौघांसारखंच. एकाचं फिटलं, पण तो इंजिनियरिंग सोडून सायकली विकतो आणि खूश आहे, त्याला कुठल्या पानावर घालायचं ते तू ठरव. आणि त्या पाणीखात्यातल्या बाई. पदवी घेऊन वर्षभर नोकरी नव्हती, व्याज वाढत गेलं, सात वर्षं लागली, दहातले साडेतीन जायचे. म्हणाल्या, वाईट गेली ती वर्षं, खोटं नाही सांगत, एकदा तर हप्त्यासाठी कानातलं विकलं. पण त्यांचा पहिला पगार माझ्या पूलवाल्याच्या दुपटीच्या वर आहे. तुला जाड माणूस धरायचाच असेल ना, तर त्या बाई धर. मी काय फार शिकलेला नाही, पण रात्री ताळा करून बघितला, त्यांना धरून शेवटचं वर्ष बसतं. संध्याकाळचं जेवण पण बसतं.

नववा माणूस एका बांधकामावर भेटला. तिसरं वर्ष झालं आणि सोडलं, घरची ओढाताण होती, हाताला नोकरी आली, तुझ्यासारखीच. आता पंचेचाळीशीचा आहे. फॉर्म भरून झाल्यावर म्हणाला, पगार निम्मा, हप्ता मात्र पूर्ण, कर्जाला कुठे कळतं तू किती शिकलास ते. त्याला दहा वर्षं लागली. म्हणजे माझा पूलवाला शेवटी मला सापडलाच, बघ. मी विचारलं, वाईट वाटतं का हो? तो म्हणाला, वाईट नाही रे जगत मी. काम मला सगळं येतं, पोरं मलाच विचारायला येतात. फक्त नकाशावर सही माझी नसते. मग त्याने विचारलं, तुझ्या बहिणीचं किती राहिलंय? मी म्हटलं, एक वर्ष. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी शिडी न विकताच निघालो. त्याने मागे पळत येऊन फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहिला. म्हणाला, तिला म्हणावं सोमवारच्या आत मला फोन कर, कितीही वाजता. कर, तायडे.

आता जे एवढा वेळ टाळत आलो ते लिहितो. ती कंपनी आपल्याच शहरात आहे, दुकानापासून दोन चौक. तू हो म्हणालीस की पुढच्या महिन्यात घरी येशील, कायमची. आईने तुझी गादी मंगळवारपासून उन्हात टाकली आहे, रोज झोडते, आणि झोडताना काहीतरी गुणगुणते, तीन वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तुझ्या पलंगावर ठेवलेल्या शिडीच्या पायऱ्यांचा ढीग मी स्वतः उचलून मागच्या खोलीत नेला. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी मी ते खोटं लिहिलं ते आता, एवढ्या उशिरा, घडतंय. मला काहीसुद्धा करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि मी बसलोही असतो गं, तुला काय सांगू, सकाळी गादीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो की वाटायचं, कशाला बोलतोस, येऊ दे तिला. पण मग तू पडद्यामागे माझ्या शेजारी उभी राहशील आणि आपण मोजू, आणि दर वेळी तू हसलीस की मला ते घड्याळ कोपरापर्यंत गेलेलं दिसेल. म्हणून लिहितोय. येऊ नकोस. म्हणजे ये, ह्या सुट्टीत आठ दिवस ये, भाड्याचं मी बघतो, पण राहायला येऊ नकोस. सोमवारी त्यांना नाही सांग. सोबत एक पाकीट ठेवलंय, तिकीट लावून, पत्ता बेकरीवाल्या काकांचा घातलाय. मला काय शिव्या घालायच्या त्या त्यात घाल, नाव लिहायची गरज नाही. आणि पाया पडतो, हे कुणाला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नको, काचेखालचा तो माणूस त्यांचा सगळ्यात जवळचा दोस्त आहे, त्यांना एवढंच सांग की आणखी नऊ जण सापडले आणि त्यातला सगळ्यात जाड धरून मोजलं, ते पुढे काही विचारणार नाहीत. आईला पण नको. तिला काही सांगावंसं वाटलंच तर एवढंच सांग की पूलवाल्याचं पत्र आलं होतं, त्याचा हप्ता फिटला आणि त्याने नवे बूट घेतले. बाकी कुणाला, तायडे, अगदी कुणालाही, काही सांगू नकोस.

तुझाच,
पाचर